पैंजण काळे पडले आणि घराणी निघाली

अहो, ऐकलंत का? या ना जरा अशा कुंपणाजवळ. मोठ्यानं कशाला बोलायचं, मधे भिंत तरी कुठे आहे, नुसती मेंदी! समोरच्या आजींकडे काय झालं ते कळलंच असेल तुम्हांला. नाही? कमाल आहे बाई, पाटणी चौकापर्यंत गेली बातमी.

त्यांची ती नवी सून, कारंज्याची. कारंजा म्हणजे पूर्वीपासून पैसेवाल्यांचं गाव, 1670 साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं लुटलं ते उगाच नाही. तर तिच्या आईनं लग्नात चांगले घसघशीत पैंजण घातले होते. आजींनी तेव्हाच हातात घेऊन वजन केलं होतं, मी पाहिलंय. अशा, तळहातावर झोके देऊन. बरं. मागच्या आठवड्यात सगळी मंडळी लोणारला गेली. रिसोडवरून गाडी केली, सरोवराच्या काठापर्यंत उतरली. सूनबाई त्या काळ्या चिखलात पाय घालून फोटो काढत बसली. 2020च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ना, तेव्हापासून प्रत्येकाला तिथे फोटो हवाच असतो. ते रंगाचं काम हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांचं, पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलंय, पण लोकांना काय... तर काय सांगत होते, घरी आली आणि बघते तो पैंजण काळे ठिक्कर!

आजींनी पाहिलं. झालं. "म्या त तवाच म्हनलं होतं, हे चांदी नोय, जर्मन सिल्व्हर हाय. तुह्या मायनं आपल्याले फसवलं!" आणि हे कुणासमोर, तर शेजारच्या दोघी भाजी निवडायला आल्या होत्या त्यांच्यासमोर. सुनेचा चेहरा असा उतरला की काय सांगू. तोंडातून शब्द नाही. आत गेली आणि लगेच फोन लागल्याचा आवाज आला, कारंज्यालाच लागला असणार.

आता मधे पडली कोण, तर आजींची नात. मोठ्या मुलाची पोट्टी हो, दहावीतली. एरवी तोंड उघडत नाही. ती विज्ञानाचं पुस्तक घेऊनच बाहेर आली, भाग पहिला, दुसरा धडा, मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण. म्हणे, आजी, चांदी कोणत्या घराण्यातली ते आधी बघ आणि मग बोल.

आजी म्हणाल्या, घराणं? आता घराणं म्हटलं की आजी चष्मा शोधणारच. पन्नास सोयरिकी जुळवल्यात त्यांनी.

पोरीनं तो तक्ता पसरला पलंगावर. उभ्या रांगेत बसलेले ते एका घराण्यातले, त्याला पुस्तकात गण म्हणतात, असे अठरा. आडवी ओळ म्हणजे आवर्त, तशा सात. अकराव्या उभ्या रांगेत बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं: तांबं, त्याखाली चांदी, त्याखाली सोनं. चौथी ओळ, पाचवी ओळ, सहावी ओळ. अणुअंक 29, 47, 79. तिघं सख्खे! भाजी निवडणाऱ्या दोघींचे हात थांबले ना. अहो, आपल्या डब्यात ही तिन्ही वर्षानुवर्षं शेजारी शेजारी पडलेली, आणि आपल्याला पत्ता नाही की हे एकाच घरचे. तिघांच्याही सगळ्यात बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिघांत वीज सुळकन जाते, तिघं ठोकले की पत्रा होतात, ओढले की तार होते.

पण स्वभाव? तिथे मजा आहे. तांब्याचा देवातला गडू चार दिवस घासला नाही तर काळपट होतो, वर्षानुवर्षं उघड्यावर राहिला तर हिरवा. चांदीला नुसत्या हवेनं काही होत नाही, पण गंधक दिसलं की ती काळी झालीच. आणि सोनं? आजीच्या आजीच्या पाटल्या काढा, जशाच्या तशा. म्हणजे या घरात खाली खाली जावं तसा माणूस शांत.

इथे एक गंमत झाली. तो कोपऱ्यावरच्या बंगल्यातला मुलगा, सीबीएसईवाला, तोही तिथेच उभा होता, क्रिकेटचा बॉल मागायला आलेला. तो म्हणाला, चूक आहे, ग्रुपमध्ये खाली गेलं की रिअ‍ॅक्टिव्हिटी वाढते, मी व्हिडिओत पाहिलंय. त्यांच्या दहावीच्या पुस्तकातून हा धडाच काढलाय ना एनसीईआरटीनं, 2023मध्ये केवढा गवगवा झाला होता. आता तो अकरावीला सायन्स घेतलं तरच भेटणार. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात आहे, म्हणून आमची पोट्टी शेर! ती म्हणाली, तू पहिल्या गणाचं ऐकून आलास. तिथे वाढते. लिथियम पाण्यात टाकलं तर नुसतं बुडबुडे काढतं, सोडियम पाण्यावर पळत सुटतं, पोटॅशियम तर जांभळी ज्योत घेऊन पेटतं. पण हॅलोजनच्या घरात, सतराव्या गणात, उलटं आहे, वरचा फ्लोरीन सगळ्यात खवळलेला आणि खालचा आयोडीन मवाळ. कोण इलेक्ट्रॉन देतो आणि कोण घेतो त्यावर आहे ते. देणाऱ्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन जितका लांब तितका लवकर सुटतो. घेणारा जितका लहान तितकी त्याची ओढ जास्त. मुलगा म्हणाला, मग सोनं तर देणारं आहे ना, आणि सगळ्यात खाली? तेव्हा पोरीनं क्षणभर पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाली, सोन्याच्या पोटात 79 प्रोटॉन आहेत, आणि मधली कवचं त्यांची ओढ नीट अडवत नाहीत, म्हणून बाहेरचा इलेक्ट्रॉन घट्ट धरलेला असतो, मधल्या रांगांना पहिल्या रांगेचा नियम लावायचा नसतो. बॉल न घेताच गेला हो तो!

आजी मात्र पक्क्या. म्हणाल्या, ते ठीक, पण गंधक कुठून आलं? सुनेनं काय काडेपेटी बांधली होती पायाला?

तर पोरगी सोळाव्या गणावर गेली. वर ऑक्सिजन, लगेच खाली गंधक. एकाच रक्ताचे. ऑक्सिजननं दोन हायड्रोजन धरले की होतं पाणी. गंधकानं तेच दोन हायड्रोजन तसेच धरले की होतो हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याचा वास! लोणारच्या काठावर नाकाला पदर लावतो ना आपण, तोच. थोरल्याचं तीर्थ आणि धाकट्याची ती घाण, म्हणाल्या आजी, आणि स्वतःच हसल्या. तेव्हा मी ओळखलं की पारा उतरला. तर त्या चिखलातल्या गंधकानं चांदी धरली, वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसला. म्हणजे चांदी आहे म्हणूनच एवढी काळी पडली. आणि जर्मन सिल्व्हरचं म्हणाल तर त्यात चांदीचा कणही नसतो. निकेल, तांबं आणि जस्त. तक्त्यात बघा, 28, 29, 30, चौथ्या ओळीत मांडीला मांडी लावून बसलेत तिघं.

मग तिनं काय केलं माहितीये? पातेल्यात, म्हणजे स्टीलच्या हो, डब्याला गुंडाळतो तो फॉइलचा कागद तळाला घातला, त्यावर पैंजण, वरून चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा आणि उकळतं पाणी. लोक त्या कागदाला सिल्व्हर फॉइल म्हणतात, आहे तो अ‍ॅल्युमिनियमचा. पाच मिनिटं घरभर लोणारचा वास, आणि पैंजण पांढरे स्वच्छ! तेराव्या गणातलं अ‍ॅल्युमिनियम चांदीपेक्षा कितीतरी उतावीळ, त्यानं चांदीला सोडवलं आणि चांदी जागच्या जागी परत बसली. घासून काढली असती तर त्या काळ्या थराबरोबर तेवढी चांदीही गेली असती. आजी काही बोलल्या नाहीत. नुसतं, "चहा टाक व सूनबाई, साखर जरा जास्त टाक," एवढंच. त्यांच्याकडून ही माफीच समजायची.

पण माझ्या डोक्यातून तो तक्ता जाईना. आमच्याकडे सोयाबीनला टाकायची खताची पोती पडली होती, 10:26:26. मी ह्यांना विचारलं, यातला नत्र आणि स्फुरद एकाच घरचे आहेत, ठाऊक आहे का? हे म्हणाले, तुला काय करायचंय. पण आहेत हो, पंधराव्या गणातले, वरखाली. नत्र हवेत शंभरात 78 भाग भरलाय आणि कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीतल्या जिवाणूंनी धरला तरच कामाला लागतो. आणि पाठचा भाऊ स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, त्यातला पांढरा हवा लागली की पेटतो, त्याला पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. सोडियमला रॉकेलमध्ये, याला पाण्यात. एका घरात असे दोन टोकाचे निघतात, आपण काय पाहिलं नाही का! असो, नावं नकोत.

आडव्या ओळीचं मला आधी कळत नव्हतं. पोरीनं तिसरी ओळ समजावली. सोडियमपासून निघायचं आणि क्लोरीनपर्यंत चालत जायचं. सोडियमची त्रिज्या 186 पिकोमीटर, मॅग्नेशियम 160, अ‍ॅल्युमिनियम 143, आणि असं घटत घटत क्लोरीन 99. मी म्हटलं, अगं, वजन वाढतंय आणि अंगानं बारीक होतायत? म्हणाली, काकू, कवचं सगळ्यांना तीनच, पण पोटातले प्रोटॉन एकेक वाढतात, ते बाहेरच्यांना आत ओढतात. एका टोकाला इलेक्ट्रॉन कधी एकदा देतो असं झालेला धातू, दुसऱ्या टोकाला घ्यायला टपलेला अधातू. त्या दोघांचं जुळलं की आपलं मीठ. दोघं एकाच ओळीतले पण दोन टोकाचे, म्हणून तर टिकलं! आजींनी लगेच मान डोलावली, हा जोडा त्यांना पटला. मी म्हटलं, सगोत्र चालत नाही वाटतं इथेही? तर पोरगी म्हणे, तसं काही नाही, हॅलोजन आपापसांतही जुळवतात. आयोडीन आणि क्लोरीनचं आहे. आजींनी तोंड फिरवलं.

आणि अहो, हा तक्ता मांडणाऱ्यांची भांडणं तर आपल्या गल्लीपेक्षा वरचढ. तो न्यूलँड्स बिचारा. त्यानं सांगितलं, सारेगमप सारखं दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं. 1866च्या मार्चमध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत वाचून दाखवायला उभा राहिला, तर एका प्राध्यापकानं विचारलं, एबीसीडीनं लावून पाहिलंत का हो? सगळ्यांसमोर! चेहरा काय झाला असेल त्याचा. त्यांनी तो लेख छापलाही नाही. पुढे 1887मध्ये रॉयल सोसायटीनं डेव्ही पदक दिलं, पण तोवर श्रेय घेणारे घेऊन गेले होते.

मेंडेलीव मात्र खमक्या. 1869, तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं. जिथे घराण्याशी स्वभाव जुळेना तिथे त्यानं सरळ खण रिकामा ठेवला आणि म्हणाला, इथे कुणीतरी येणार आहे, असा असा असेल. म्हणजे मुलगा जन्मायच्या आधी पत्रिका! 1875मध्ये फ्रान्सच्या ल्कोक द ब्वाबोद्राननं गॅलियम शोधलं, घनता सांगितली 4.7. रशियात बसून मेंडेलीवनं कळवलं, तुमचं मोजमाप चुकतंय, 5.9 च्या आसपास यायला हवी. ज्यानं ते कधी डोळ्यांनी पाहिलं नाही तो सांगतोय, आणि ज्याच्या हातात आहे त्यानं ऐकायचं! चिडलाच असेल. पण माल शुद्ध करून पुन्हा मोजलं तर आली की हो 5.9! हे गॅलियम 30 अंशांच्या आतच वितळतं, आपल्या वाशिमला मे महिन्यात फडताळात ठेवलं तर पाणीच व्हायचं. मग 1879ला स्कँडियम आलं, 1886ला जर्मेनियम, दोन्ही सांगितल्या खणांत. मेंडेलीवनं तक्ता मांडला त्याच सुमारास तिकडे जर्मनीत लोथार मायरनंही जवळजवळ हाच तक्ता केला होता, 1882मध्ये दोघांना मिळून डेव्ही पदक दिलं. पण मायरनं रिकाम्या खणांवर असा जीव टाकून पैज लावली नाही, म्हणून आज नाव मेंडेलीवचंच. मला विचाराल तर योग्यच झालं. नोबेलचं मात्र... 1906ला हुकलं, ते गेलं फ्लोरीन वेगळा करणाऱ्या म्वासाँला, आणि 1907च्या फेब्रुवारीत मेंडेलीव गेलाच.

बरं, त्याचीही एक अडचण होती हं. तो वजनानं लावत होता, आणि टेल्युरियम 127.6 अन् आयोडीन 126.9. वजनानं गेलं तर आयोडीन चुकीच्या घरात पडतो. त्यानं स्वभाव पाहून आयोडीनला क्लोरीन-ब्रोमीनखालीच बसवलं आणि म्हणाला, वजन चुकलं असेल. वजन बरोबरच होतं! 1913मध्ये मोझली नावाच्या पोरानं क्ष-किरणांनी दाखवलं की क्रम वजनाचा नाहीच, अणुअंकाचा आहे, टेल्युरियम 52, आयोडीन 53. आणि तो हुशार पोरगा 1915मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून गेला. सत्ताविसाव्या वर्षी. जाऊ दे बाई.

तर काय सांगत होते... हां, माझी देवगडची नणंद! तिला रात्री व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं, तर ती लगेच ताठ. म्हणे, तुमचं लोणारचं गंधक राहू दे, हेलियम तर आमच्या विजयदुर्गावर सापडला, किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत, दर 18 ऑगस्टला कार्यक्रम होतो. मी म्हटलं, वन्सं, रागावू नका. 18 ऑगस्ट 1868चं ग्रहण खरं, पण ते पाहणारा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला, आणि तुमचा तो साहेब लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता, त्यानं सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ ऑक्टोबरात तिकडून पाहिली. तो विजयदुर्गावर आला तो 22 जानेवारी 1898च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. नणंदेचा चेहरा! नेटवर्क गेलं म्हणून बंद केला कॉल. नेटवर्क कुठलं जातंय, मागे टीव्ही चालू होता.

पण तो हेलियम ज्या घरात बसतो ना, अठराव्या गणात, त्या घराची कथाच वेगळी. मेंडेलीवच्या तक्त्यात ही रांगच नव्हती. कुणाशी संबंधच ठेवत नाहीत तर कळणार कसं! 1894ला रॅले आणि रॅम्झेनं आर्गॉन पुढे आणला, तेव्हा मेंडेलीवनंच नाक मुरडलं, म्हणे हा नत्राचाच तीन अणूंचा प्रकार असेल. दुसऱ्या वर्षी रॅम्झेला पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम सापडला, आणि 1898मध्ये, लॉकियर विजयदुर्गावर आला त्याच साली, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन. आख्खं घराणं एका दमात! सगळ्या तक्त्याला शेवटी एक नवी उभी रांग जोडली, आणि गंमत म्हणजे बाकी एकालाही जागा बदलावी लागली नाही. मेंडेलीवनंही मग मान्य केलं. हेलियमचे इलेक्ट्रॉन दोनच, म्हणजे मोजून बसवायचं तर दुसऱ्या गणात मॅग्नेशियमच्या रांगेत जायला हवा. पण स्वभाव बघून त्याला या घरात घेतलंय. आणि हायड्रोजनला पहिल्या गणात, सगळ्या धातूंच्या डोक्यावर, तो स्वतः धातू नसताना. आजींना हे अजिबात आवडलं नाही. म्हणाल्या, घरजावई हाय तो.

आता सातवी ओळ भरली आहे. तिच्या शेवटच्या खणात 118वं ओगानेसॉन, 2016मध्ये त्याच्यासकट चौघांची नावं ठरली, त्यातलं 113वं निहोनियम जपानच्या रिकेन संस्थेचं. तिथलेच लोक आता 119व्याच्या मागे लागलेत. अजून कुणाच्या हाती आलेलं नाही, पण खण ठरलेला आहे: आठवी ओळ, पहिला गण, फ्रान्सियमच्या खाली.